साइट बिघडली म्हणण्याआधी: ब्राउझर वापरताना या चुका टाळा

भाचीला वसतिगृहासाठी अर्ज भरायचा होता. संध्याकाळी सातला लॅपटॉप घेऊन बसली. नाव, पत्ता, गुण, सगळं भरून झालं आणि शेवटी एक मोठी चौकट आली: वसतिगृहाची गरज का आहे ते सविस्तर लिहा. पोरीने मन लावून लिहिलं. वडिलांचं आजारपण, गावाहून कॉलेजला येणारी पहाटेची एसटी, घरात अभ्यासाला नसलेली जागा. मध्येच उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर शोधायला उठली, परत येऊन आणखी दोन परिच्छेद लिहिले आणि ‘पुढे’वर क्लिक केलं. पडद्यावर एकच ओळ: सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. तिने घाबरून बॅक दाबलं. चौकट रिकामी.

“मावशी, सगळं गेलं गं,” एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आपलं नेटच वाईट आहे.”

नेट उत्तम चालू होतं. गेली काही वर्षं मी घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे अर्ज भरून देते, आणि बहुतेक वेळा दोष नेटवर जातो नाहीतर स्वतःवर. ‘मला हे जमतच नाही’ असं शिकलेली माणसंही म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, कारण अडचण जमण्या-न जमण्याची नसतेच. ब्राउझर काय लक्षात ठेवतो आणि काय ठेवत नाही, याचा आपला अंदाज चुकतो. जे तो विसरणार असतो ते आपण त्याच्या भरवशावर सोडतो, आणि जे तो विसरत नाही त्याकडे आपलं लक्ष नसतं.

लांब मजकूर थेट अर्जात लिहू नका

चौकटीत तुम्ही जे टाइप करता ते ‘पुढे’ किंवा ‘सबमिट’ दाबेपर्यंत सहसा फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर, त्या एका टॅबमध्ये असतं. पलीकडच्या सर्व्हरला, म्हणजे साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, त्याचा पत्ताही नसतो. सर्व्हरकडे मात्र एक घड्याळ चालू असतं: या माणसाने आपल्याकडे शेवटचं काही कधी मागितलं? तुम्ही अर्धा तास तन्मयतेने लिहीत असलात तरी त्याच्या लेखी तुम्ही अर्धा तास गप्प बसलेले असता. वेळ संपली की तो तुमची ओळख पुसतो. सेशन संपलं म्हणतात ते हेच.

ही ओळख म्हणजे कुकी. वेबची मूळ रचनाच अशी की प्रत्येक पान मागताना तुम्ही सर्व्हरला नवखेच असता. १९९४ साली नेटस्केपमधल्या लू माँटुली या इंजिनिअरने कुकीची युक्ती काढली. सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देतो, आणि पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो. दारावरच्या पाससारखंच. पासची मुदत संपली की आत काय लिहिलं होतं हे कुणी विचारत नाही.

म्हणून मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि मग अर्जात चिकटवा. दाखले, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक अर्ज उघडायच्या आधी शेजारी काढून ठेवा. ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल तर पानागणिक दाबा. आणि एक सवय, जी मी भाचीला त्या रात्री लावली: सबमिट दाबण्याआधी चौकटीत क्लिक करून कंट्रोल-ए, मग कंट्रोल-सी. दोन सेकंद लागतात. सेशन संपलेलं असलं तरी तुमचं लिहिलेलं क्लिपबोर्डवर शाबूत राहतं. त्यानंतर दुसरं काही कॉपी करायचं नाही, एवढं पाळा.

अर्ज भरताना ब्राउझरचा बॅकचा बाण शक्यतो वापरू नका. पानावरच ‘मागे’ असं बटण दिलेलं असतं ते वापरा. पुष्कळ साइट प्रत्येक पानासोबत एकदाच चालणारा क्रमांक पाठवतात. बॅक दाबलं की जुनं पान जुन्या क्रमांकासह समोर येतं, आणि सर्व्हर ते नाकारतो.

दोन भावंडांचे अर्ज दोन टॅबमध्ये एकदम भरायला जाऊ नका. टॅब दोन असले तरी कुकी एकच असते. दुसऱ्या टॅबमध्ये धाकट्याचं लॉगिन केलं की पहिल्या टॅबमधला थोरल्याचा अर्जही धाकट्याच्या खात्यात शिरू शकतो. आमच्या सोसायटीत असंच एका मुलाच्या अर्जाला त्याच्या बहिणीचा फोटो लागला होता आणि दुरुस्तीसाठी आईला दोनदा कार्यालयात जावं लागलं. एकाच वेळी दोन अर्ज भरायचेच असतील तर एक क्रोममध्ये आणि एक फायरफॉक्समध्ये भरा.

पैसे कापले, पान फिरतंय

फी भरली, बँकेचा मेसेज आला, आणि पडद्यावर चाक गरगर फिरतंय. अशा वेळी हात आपोआप रीलोडकडे जातो. थांबा. रीलोड केल्यावर ब्राउझर कधीकधी विचारतो, ‘फॉर्म पुन्हा सबमिट करायचा का?’ माणसं न वाचता हो म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच असतो की मघाशी पाठवलेलं सगळं मी परत एकदा पाठवू का. सर्व्हरने दुबार व्यवहार अडवण्याची सोय केलेली नसेल, तर फी दोनदा जाते.

पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग त्याच साइटवर नव्याने लॉगिन करून ‘पेमेंट हिस्टरी’ किंवा ‘व्हेरिफाय पेमेंट’ असं काही आहे का ते शोधा. बऱ्याचदा पैसे पोचलेले असतात, फक्त पोच तुमच्या पानापर्यंत आलेली नसते. तिथे स्पष्टपणे ‘फेल्ड’ असं दिसलं तरच पुन्हा भरा. आणि हे पाठच करून ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला किंवा साइटला यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डाने दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि व्यवहार पुरा झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

या घाबरलेल्या अवस्थेत सर्च करून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. असे खोटे नंबर पेरून ठेवणारे लोक नेमकी याच क्षणाची वाट बघत असतात. नंबर हवा असेल तर कार्डाच्या मागे छापलेला घ्या, नाहीतर बँकेच्या स्वतःच्या ॲपमधला. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.

कधीकधी पावती निघालेली असते, पण ती नव्या खिडकीत उघडणार असते आणि ब्राउझरने ती खिडकी अडवलेली असते. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला खिडकीचं बारीकसं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करून त्या साइटला परवानगी द्या.

एका साइटसाठी सगळं साफ करू नका

साइट अर्धवट दिसते, बटण दाबलं जात नाही, लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान येतं. मग कुणीतरी सांगतं, ‘हिस्टरी क्लिअर कर.’ आणि माणूस सगळ्या चौकटींवर टिचक्या मारून सगळं पुसून टाकतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. सगळीकडून लॉगआउट होतं, आणि पासवर्डच्या चौकटीवरही टिचकी पडली असेल तर साठवलेले पासवर्डही जातात. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या ईमेलला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला होता. घरच्या कॉम्प्युटरवर कायम लॉगिन असल्यामुळे कधी अडलं नव्हतं. सगळं साफ केल्यावर ओटीपी त्या बंद नंबरवर जायला लागला आणि ते मेल परत मिळवायला तीन आठवडे गेले.

आधी नीट तपासा. कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड) आणि तीच साइट तिथे उघडून बघा. या खिडकीत जुन्या कुकी नसतात, आधी साठवलेल्या फाइली वापरल्या जात नाहीत, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी ॲपही चालत नाहीत. तिथेही साइट बंदच असेल तर दोष बहुधा साइटचा किंवा नेटचा. उगाच काही पुसू नका, उद्या बघा. पण तिथे नीट चालली तर खोट तुमच्या ब्राउझरने जपून ठेवलेल्या कशात तरी आहे.

ब्राउझर साइटची चित्रं आणि कोडच्या फाइली आपल्याकडे साठवतो, म्हणजे दर वेळी नव्याने उतरवाव्या लागत नाहीत. साइटवाल्यांनी पान बदललं आणि तुमच्याकडे जुनी फाइल राहिली की बटण मुकं होतं. त्यावर कंट्रोल-शिफ्ट-आर. साठवलेलं बाजूला ठेवून पान पुन्हा उतरवायला सांगणारा हा रीलोड आहे. तेवढ्याने भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या एका साइटचा डेटा काढा. जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन असेल तर तेवढ्यापुरतं बंद करून बघा. ओटीपीची चौकट त्यानेच खाल्लेली मी दोनदा पाहिली आहे.

‘अलाऊ’ एकदाच दाबलं होतं

शेजारच्या काकूंचा फोन दिवसभर टुणटुण वाजत होता. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’, ‘बॅटरी खराब होत आहे’. त्या खरंच भेदरल्या होत्या, बँकेचं ॲपही काढून टाकलं होतं.

“काकू, मधे कुठे ‘मी रोबो नाही’ म्हणून काही दाबलं होतं का?”

“हो गं. अळूवडीची रेसिपी बघत होते. म्हणालं, अलाऊ करा म्हणजे पुढचं दिसेल.”

तीच परवानगी. त्या साइटला काकूंनी नोटिफिकेशन पाठवायला मुभा दिली होती आणि ब्राउझर असली मुभा आपणहून लवकर विसरत नाही. कुठलीही साइट तुमचा फोन आतून तपासू शकत नाही, त्यामुळे ‘व्हायरस सापडला’ हा मेसेज मुळात खोटाच. मी नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं, क्रोमच्या नावाखाली त्या साइटचं नाव दिसलं, तिथूनच बंद केलं. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग’, त्यात ‘नोटिफिकेशन’ उघडलं, तर आणखी अकरा साइट परवानगी घेऊन बसल्या होत्या. सगळ्या काढल्या. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर हे पान एकदा उघडून बघाच.

यादीत नाव आहे, पण सर्चला सापडत नाही

हा खास आपल्या मराठीचा त्रास. निवड यादीची पीडीएफ येते, शंभर पानांची. कंट्रोल-एफ दाबून आडनाव टाकलं तर शून्य निकाल. पोरं निराश होतात, आणि नाव मात्र त्रेसष्टाव्या पानावर असतं.

कारण ती यादी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठतात, फक्त त्यांना रूप मराठी दिलेलं असतं. ‘भारत’ असं दिसतं तिथे फाइलमध्ये असतं एच, के, के, जे, आर. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या आजच्या मराठी टायपिंगमध्ये, खरा ‘भारत’ शोधता आणि ब्राउझरला तो सापडत नाही, कारण तिथे तो नसतोच. खात्री करायची तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर हेच प्रकरण आहे.

अशा यादीत नावाऐवजी अर्ज क्रमांक किंवा बैठक क्रमांक शोधा, आधी इंग्रजी आकड्यांत, मग मराठी आकड्यांत. तेही जमलं नाही तर यादी स्कॅन केलेली असेल, म्हणजे नुसते फोटो. मग डोळ्यांनीच वाचावी लागते. उलट बाजूने, जुन्या फाँटमधला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवू नका. तुम्हाला वर्डमध्ये सुंदर मराठी दिसेल आणि अर्जात कचरा जाईल.

झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर

एकदा प्रिंट काढायला गेले होते. दुकानातल्या मुलाने माझी फाइल शोधायला डाउनलोड फोल्डर उघडलं आणि पडद्यावर आधारच्या पीडीएफची रांग लागली. कुणाकुणाच्या नावाच्या, महिनोन्‌महिन्यांच्या. मला ते बघून धस्स झालं. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला तो सहज ताडता येतो. चालणार असेल तिथे मास्क्ड आधार वापरा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

परक्या कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटो वापरायचं हे बऱ्याच जणांना माहीत आहे. खिडकी बंद केली की लॉगिन आणि हिस्टरी जाते, हे खरं. पण उतरवलेली फाइल तिथेच राहते. ब्राउझरच्या यादीतून तिचं नाव काढलं म्हणजे फाइल गेली असं नाही. फोल्डर उघडून ती शिफ्ट-डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरत नाही. दुकानदाराला तसं सांगायला संकोच वाटू देऊ नका. मी सांगितलं तेव्हा त्या मुलाने माझ्यासमोर अख्खं फोल्डर रिकामं केलं.

घाईत लॉगआउट करायचं राहून गेलं असेल तर घरी येऊन फोनवरूनही करता येतं. गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हाइसेस’ची यादी असते, तिथून तो कॉम्प्युटर साइन आउट करा. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा, आणि ओळखीचं नाही ते काढून टाका.