जुन्या ट्रॅक्टरचा पार्ट बनवून घेण्याआधी: मापांची तयारी

आधी काय मोजायचं नाही ते ठरवा. पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणारा, सहा स्प्लाइनचा (खाचांचा), १ ३/८ इंची शाफ्ट ५४० आरपीएमसाठी प्रमाणित आहे, त्याचा जोड बाजारात मिळतो. अवजार जोडायच्या थ्री-पॉइंट लिंकेजच्या पिनाही ठरलेल्या असतात: कॅटेगरी १ ला खाली साधारण २२ आणि वर १९ मिमी, कॅटेगरी २ ला २८ आणि २५. बेअरिंग आणि ऑइल सील नंबरावर मिळतात. कास्टिंगवर उमटलेला आकडा मात्र बहुतेक वेळा पार्ट नंबर नसतो, त्यावर विसंबून ऑर्डर देऊ नका. या चाळणीतून जे उरेल तेवढंच टर्नरकडे न्यायचं.

खोलण्याआधीच काही मापं उरकावी लागतात. शाफ्टचा पुढे-मागे आणि वर-खाली होणारा खेळ डायल गेज लावून लिहून घ्या, शिम (पातळ चकत्या) किती आणि कोणत्या बाजूला आहेत ते टिपा, सेंटर पंचने जुळणीच्या खुणा मारा. एकदा सगळं टेबलावर आलं की हे आकडे परत मिळत नाहीत. मग भाग डिझेलने धुवा, गॅस्केटचा चिकटलेला थर खरवडून काढा आणि भाग व मापाची साधनं सावलीत दोन-तीन तास शेजारी ठेवा. १०० मिमीचा पोलादी भाग २० अंश जास्त तापला की सुमारे ०.०२ मिमी वाढतो, आणि प्रेस फिटमध्ये (दाबून घट्ट बसवलेल्या जोडात) एवढ्यानेही फरक पडतो.

साधनांत ०.०२ मिमीचा व्हर्नियर हवाच, पण फिटिंगची मापं मायक्रोमीटरनेच घ्यायची: ० ते २५ आणि २५ ते ५० असे दोन, शून्य तपासलेले. आतल्या मापाला टेलिस्कोपिक गेज. लहान भोकात व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांचे सपाट काठ गोलाईत नीट बसत नाहीत आणि माप कमी दाखवतात. आटे मोजायला ५५ आणि ६० अंश, दोन्ही पिच गेज ठेवा.

आता मुख्य गोष्ट. झिजलेल्या भागाचं माप तसंच उचललं तर नव्या पार्टमध्ये झीजही उतरते. म्हणून आधी न झिजलेली जागा शोधा: शाफ्टचं टोक, बुशच्या बाहेर राहिलेला भाग, पिनवर खांद्यालगतची अरुंद पट्टी. प्रत्येक व्यास तीन ठिकाणी आणि ९० अंशांत दोनदा मोजा, म्हणजे किती अंडाकृती आणि किती निमुळतं झालंय ते कळतं. कागदावर दोन रकाने करा, ‘आज आहे’ आणि ‘मूळ असावं’. दुसरा रकाना भरताना यंत्राचा मूळ देश लक्षात घ्या. चेक झेटर घराण्यातले ट्रॅक्टर मेट्रिक. जुन्या मॅसी फर्ग्युसनमधल्या ब्रिटिश पर्किन्स ३.१५२ इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९१.४४ मिमी, म्हणजे सरळ ३.६ इंच. पिन ३१.७२ भरली तर ती ३१.७५ ची, म्हणजे सव्वा इंची; ‘राउंड फिगर’ म्हणून ३२ लिहिलं की काम बिघडलं. वर्कशॉपमध्ये तिला ‘दहा सूत’ म्हणतील (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पट्टीला सूत चालतं, बुशला नाही. जोडीला बेअरिंग असेल तर त्याचा नंबर सर्वात भरवशाचा साक्षीदार: ६२०६ म्हणजे ३० × ६२ × १६, मग हाउसिंग कितीही खाल्लेलं असो.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या सेंटर पिनचा गनमेटल बुश बनवताना बाहेरचा व्यास हाउसिंगवरून काढा, जुन्या बुशवरून नको. ४० मिमीला साधारण ०.०४ मिमी जास्त ठेवतात. दाबून बसवला की आतलं भोक आवळतं, त्यामुळे आत ०.२ ते ०.३ मिमी मटेरियल राखून बसवल्यावर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) मारायचा. ग्रीसच्या भोकाचं अंतर कोणत्या कडेपासून ते स्पष्ट लिहा. हे भोक जुळलं नाही तर निप्पलमधून ग्रीस आत जातच नाही आणि नवा बुश पहिल्याच हंगामात जातो.

आट्यांत फसगत फार. १/२ इंचाला व्हिटवर्थचे (ब्रिटिश, ५५ अंशी) इंचाला १२ आटे, यूएनसीचे (अमेरिकन, ६० अंशी) १३. पण ५/८ ला दोन्हींचे ११, फरक फक्त कोनाचा. नट चढतो, नीट बसत नाही आणि दाब आला की आटे सोलतो.

गिअरला वेळ द्या. दात मोजा, बाहेरचा व्यास घ्या. दात विषम असतील तर टोकासमोर टोक येत नाही. बोअरच्या कडेपासून टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा, त्यात बोअरचा व्यास मिळवा. २३ दातांना १०५.८३ मिमी भरले, तर भागिले २५ (दात अधिक दोन), उत्तर ४.२३, हा मॉड्यूल (दाताच्या आकाराचं मेट्रिक माप). असा मॉड्यूल प्रमाणित नाही, २५.४ ला त्याने भागा, ६ येतात, म्हणजे गिअर ६ डीपीचा (डायमेट्रल पिच, दाताचं इंची माप). प्रेशर अँगलसाठी (दाताच्या बाजूच्या कोनासाठी) डिस्क मायक्रोमीटरने तीन दातांवरून आणि मग चार दातांवरून माप घ्या. या गिअरला फरक १२.५० आला तर २० अंश, १२.८८ आला तर साडेचौदा. झीज दोन्ही मापांत सारखी असल्याने वजा होऊन जाते. हा फरक बाहेरच्या व्यासाशी जुळत नसेल तर दात स्टब (आखूड) किंवा करेक्शनचे (मुद्दाम आकार बदललेले) असू शकतात. तेव्हा दोन्ही शाफ्टमधलं अंतरही मोजा आणि जोडीचा गिअर सोबत न्या. हेलिकल (तिरक्या दातांचा) असेल तर घरच्या हिशोबाच्या नादी न लागता थेट गिअर कटिंगवाल्याकडे.

पाच भोकांच्या फ्लँजला शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर १.७०१ ने गुणलं की पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) मिळतो. जुना भागच पॅटर्न म्हणून ओतकामाला दिला तर बीड (ओतीव लोखंड) सुमारे एक टक्का आकसतं, २०० चे १९८ होतात. मशीनिंगचे तीनेक मिमी वेगळे धरा.

कागदावर प्रत्येक मापापुढे एकक, फिट (प्रेस की सरकता) आणि धातू लिहा. पोलादाचे ग्रेड असे: साध्या पिनेला ईएन ८, शाफ्टला ईएन २४, केस हार्डन (वरचा थर कडक केलेल्या) गिअरला ईएन ३५३ किंवा २०एमएनसीआर५. ‘लोखंड’ एवढंच लिहिलंत तर एमएसच (साधं मऊ पोलाद) मिळेल. हार्डनिंगमध्ये गिअरचा बोअर हलतो, म्हणून ग्राइंडिंगची सूट ठेवायला सांगा आणि ताब्यात घेताना बोअर पुन्हा मोजा.