चालायला निघण्याआधी आपलं काय अडतं ते शोधा

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर आम्हा चालणाऱ्या बायकांत नवी बाई आली की मी तिला आधी विचारते, ‘बाई, इतके दिवस काहून नाही आलीस?’ ‘वेळ नाही’ हे उत्तर मी घेत नाही. खोदून विचारलं की खरं कारण निघतं. नळ साडेपाचला येतो, एकटीला कुत्र्यांची भीती वाटते, सासऱ्यांसमोरून पंजाबी ड्रेस घालून निघायला संकोच होतो. कारण कळलं की उपाय त्याच्यावरच करायचा. नळवालीनं संध्याकाळी यावं. संकोचणारीनं साडीच नेसावी, फक्त घोट्याच्या वर, आणि पायात बूट घालावेत. चपलेवर मात्र चालू नका, टाचा धरतात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं वाचलं तेव्हा हे जास्तच पटलं. तिथं कित्येकजणी केसांपायी व्यायाम टाळत. पार्लरमध्ये तास न् तास बसून, पैसे मोजून केस सरळ करून घ्यायचे आणि घाम आला की सगळं जायचं. २०११ मध्ये तिथल्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकारी, रेजिना बेंजामिन, स्वतः कृष्णवर्णीय, अटलांटातल्या केशभूषेच्या मोठ्या मेळाव्यात जाऊन यावर उघड बोलल्या. ही अडचण त्यांनी क्षुल्लक मानली नाही, याचा मला फार आदर वाटतो. आपल्याकडेही रविवारी न्हाणं झालं की सोमवारी घाम नको असतो. मग न्हाण्याचा दिवस बदला, चालण्याचा नको.

टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हेनेसा गॅरिसन यांनी अशाच बायकांसाठी ‘गर्लट्रेक’ उभं केलं. रोज अर्धा तास चालायचं, आपल्याच वस्तीत, मैत्रिणींना घेऊन. चालण्याला त्यांच्याकडे मोठा इतिहास आहे. १९५५-५६ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बसवर ३८१ दिवस बहिष्कार होता, तेव्हा घरकाम करणाऱ्या कित्येक बायका पायी कामावर गेल्या. तो बहिष्कार चालू असतानाच, ऑक्टोबर १९५६ मध्ये, आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. तिथंही बायका लेकरं कडेवर घेऊन गावोगावहून आल्या होत्या. आपल्या आज्या चालल्यात, बायांनो.

तर सुरुवात अशी करा. गल्लीतल्या दोघी-तिघी गाठा, वेळ ठरवा आणि जिचा दरवाजा उघडला नाही तिला हाक मारा. आधी दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

एप्रिल-मे वेगळा. कूलरमध्ये पाणी रात्रीच भरून ठेवा आणि पाचला निघा, सातच्या आत घरी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, घरातच चाला, हट्ट नको.

आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा. मांड्यांत जोर आला तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर तिथंच बसा, सोबतिणीला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बसूनही दाब कमी झाला नाही तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.