रेडिओचे थेट प्रसारण टर्मिनलमधून कसे साठवावे

करवीर तालुक्यात राहणारे माझे काका संध्याकाळी आकाशवाणीवरील शेतीचा कार्यक्रम नेमाने ऐकतात. मात्र शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि पाळी संध्याकाळची असली की उसाला पाणी पाजण्यासाठी त्यांना नेमके त्याच वेळी मळ्यात जावे लागते. "तेवढा कार्यक्रम कुठं धरून ठेवता येतोय काय बघ की," असे त्यांनी गेल्या उन्हाळ्यात सांगितले, आणि कोल्हापुरातील घरी पडून असलेल्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मी हे काम सुरू केले. ध्वनिमुद्रण सुरू करणे पाच मिनिटांचे काम आहे. खरे काम त्यापुढचे आहे: वीज गेली, इंटरनेट तुटले किंवा केंद्राची स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरून सतत येणारा आवाज, अडखळली, तरी तोपर्यंत जे आले ते ऐकण्याजोगे हाती राहिले पाहिजे. पुढील मांडणी प्रामुख्याने त्या दृष्टीने केली आहे.

लेखातील कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप कराव्यात. जेथे मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे, अन्यत्र सर्व अक्षरे लहान समजावीत.

मुख्य साधन एफएफएमपेग हे आहे; आवाज व चित्र उतरवून घेणे आणि त्यांचे स्वरूप बदलणे हे त्याचे काम. उबुंटू किंवा डेबियनवर "सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग" एवढ्याने ते बसते, विंडोजवर विंगेट या इन्स्टॉल करण्याच्या कमांडमधून मिळते आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्येही चालते. त्याच्यासोबत एफएफप्रोब हे तपासणीचे साधन आपोआप येते. कर्ल हे पत्त्यावरून मजकूर वा फाइल उतरवणारे साधन बहुतेक संगणकांवर आधीपासूनच असते.

पत्ता शोधणे

रेडिओचे संकेतस्थळ जो पत्ता दाखवते तो पानाचा पत्ता असतो. आवाज ज्या पत्त्यावरून येतो तो वेगळा असतो. तो मिळवण्यासाठी ब्राउझरमध्ये ते पान उघडावे, एफ१२ दाबून नेटवर्क हा विभाग निवडावा आणि मग प्रसारण सुरू करावे. यादीत सतत वाढत जाणारी एकच मोठी नोंद दिसली, तर ती एमपी३ किंवा एएसी (आवाज दाबून लहान करण्याचे दोन प्रकार) स्वरूपातील सरळ स्ट्रीम असते. त्याऐवजी दर काही सेकंदांनी लहान लहान तुकडे येत असतील आणि मध्ये मध्ये "एम३यू८" अशा शेवटाचा पत्ता पुन्हा पुन्हा मागवला जात असेल, तर ती एचएलएस पद्धत होय. ॲपलने ही पद्धत २००९ मध्ये आणली, आणि आकाशवाणीच्या थेट प्रसारणासाठीही ती वापरली जाते. अशा वेळी तुकड्यांचे पत्ते सोडून एम३यू८चा पत्ता उचलावा. जगभरातील केंद्रांचे पत्ते श्रोत्यांनीच गोळा केलेल्या "रेडिओ ब्राउझर" या खुल्या सूचीतही अनेकदा सापडतात.

काही ठिकाणी "पीएलएस" किंवा "एम३यू" नावाची छोटी फाइल हाती येते. ती साधी मजकुराची फाइल असते. ती उघडली की खरा पत्ता आत लिहिलेला दिसतो. पत्त्याच्या शेवटी लांबलचक अक्षरांची माळ असेल, तर ती ठरावीक मुदतीची परवानगी असण्याची शक्यता आहे. तो पत्ता आज चालतो आणि उद्या चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

पत्ता मिळाल्यावर आधी "एफएफप्रोब" या शब्दापुढे तो लिहून चालवावा. ध्वनी एमपी३ आहे की एएसी, आणि सेकंदाला किती किलोबिट येतात, हे त्यातून कळते. या दोन गोष्टींवर पुढचे निर्णय अवलंबून असतात. ६४ किलोबिटची स्ट्रीम तासाला सुमारे २८.८ मेगाबाइट जागा घेते आणि १२८ किलोबिटची ५७.६ मेगाबाइट, त्यामुळे जागेची चिंता सहसा करावी लागत नाही.

पहिले मुद्रण

एएसी स्ट्रीममधील पस्तीस मिनिटे साठवण्याची मूळ कमांड अशी आहे:

एफएफएमपेग -आय "पत्ता" -व्हीएन -सी कॉपी -टी २१०० शेती.एएसी

"-आय" नंतर स्ट्रीमचा पत्ता येतो, आणि तो अवतरणचिन्हांतच ठेवावा, कारण पत्त्यातील "आणि"चे चिन्ह (&) टर्मिनल वेगळ्या अर्थाने घेते. "-व्हीएन" मुळे स्ट्रीमसोबत येणारे चित्र वगळले जाते. "-टी" नंतर सेकंद लिहावेत. चालू मुद्रण मध्येच थांबवायचे असेल तर क्यू हे अक्षर दाबावे, म्हणजे फाइल नीट बंद होते.

"-सी कॉपी" हा भाग कधीही गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रसारण करणाऱ्याने आवाज एकदा दाबूनच पाठवलेला असतो. तो उलगडून पुन्हा दाबला तर प्रत्येक वेळी काही ना काही हरवते, आणि एकदा हरवलेले परत आणता येत नाही. कॉपी म्हटल्यावर आलेले बाइट जसेच्या तसे डिस्कवर उतरतात, आणि जुन्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर त्याचा भारही जवळजवळ पडत नाही.

फाइलचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि हे मला नुकसान सोसून कळले. सुरुवातीला मी शेवट "एम४ए" ठेवला होता. जुलैमधील एका रात्री मी शास्त्रीय गायनाचा एक तासाभराचा कार्यक्रम लावला होता. पन्नास मिनिटे झाल्यावर जोराच्या पावसात लाईट गेली, आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असल्यामुळे तोही तत्काळ बंद पडला. डिस्कवर फाइल होती, तिचा आकारही योग्य होता, परंतु कोणताही प्लेअर ती उघडेना. एम४ए ही एमपी४ कुळातील फाइल आहे, आणि तिच्यातील आवाज कोठे आहे याची अनुक्रमणिका फाइल बंद करताना लिहिली जाते. ती लिहिली गेलीच नाही, म्हणून पन्नास मिनिटांचे गायन असूनही नसल्यासारखे झाले. साध्या ".एएसी" आणि ".एमपी३" फाइलींमध्ये आवाजाच्या प्रत्येक छोट्या चौकटीची (फ्रेमची) ओळख तिच्यापाशीच असते, त्यामुळे फाइल कोठेही तुटली तरी तिथपर्यंतचा भाग ऐकता येतो. एम४ए हवीच असेल तर मुद्रण पूर्ण झाल्यावर "-सी कॉपी" लावूनच ती बनवावी.

स्ट्रीम सरळ एमपी३ची असेल तर कर्लनेही काम भागते: "कर्ल -एल -एम २१०० -ओ शेती.एमपी३ पत्ता". यातील एल मोठे अक्षर आहे. पत्ता दुसरीकडे वळवला गेला असेल तर त्याच्या मागे जाण्यासाठी ते लागते. वेळ संपल्यावर कर्ल २८ क्रमांकाची त्रुटी दाखवतो. येथे ती अपेक्षितच आहे. एम३यू८ पत्त्यावर मात्र कर्ल चालवू नये, कारण आवाजाऐवजी तुकड्यांची छोटी यादी तेवढी हाती येते. नवशिक्यांच्या "फाइल आली पण वाजत नाही" या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

स्ट्रीमरिपर नावाचे आणखी एक साधन आहे, जे स्ट्रीममध्ये मिसळून येणारी गाण्यांची नावे वाचून प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल करते. चित्रपटगीतांच्या केंद्रांसाठी ते सोयीचे आहे. उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यामुळे ख्याल मनापासून ऐकणारी घरे आपल्या गावात कमी नाहीत; अशा श्रोत्याने ते वापरू नये. नाव बदलले की हे साधन फाइल कापते, आणि विलंबित (संथ लयीचा भाग) संपून द्रुत (जलद भाग) सुरू होताना केंद्राने नाव बदलले तर राग तेथेच दुभंगतो. अखंड मुद्रण करून नंतर स्वतः कापणे केव्हाही चांगले.

तुटण्याची तयारी

सरळ स्ट्रीमसाठी "-आय" च्या आधी "-रिकनेक्ट १ -रिकनेक्ट_स्ट्रीम्ड १ -रिकनेक्ट_डिले_मॅक्स ३०" हे पर्याय द्यावेत. जोड तुटल्यास एफएफएमपेग स्वतःहून पुन्हा प्रयत्न करते. हे पर्याय पत्त्याच्या आधीच यावे लागतात, कारण एफएफएमपेगमध्ये पर्याय त्यानंतर येणाऱ्या फाइलला लागू होतो. दोन्ही प्रकारच्या स्ट्रीमसाठी "-आरडब्ल्यू_टाइमआउट १५००००००" हेही त्याच जागी लिहावे. हा आकडा मायक्रोसेकंदांत आहे, म्हणजे पंधरा सेकंद. हे नसेल तर इंटरनेट गेल्यावर एफएफएमपेग कसलाही संदेश न देता ताटकळत राहते. "-टी" चे सेकंद घड्याळाचे नसून आलेल्या आवाजाचे असतात, त्यामुळे आवाजच आला नाही तर ते सरतही नाहीत.

एवढ्यावर थांबू नये. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत एफएफएमपेग हार मानून बाहेर पडू शकते. म्हणून एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये) फेरा (लूप) लावावा: सुरुवातीला "डेट +%एस" ने मिळणाऱ्या सेकंदांत २१०० मिळवून शेवटची वेळ ठरवावी, ती वेळ येईपर्यंत, उरलेल्या सेकंदांची मर्यादा "टाइमआउट" या कमांडने घालून, एफएफएमपेग पुन्हा पुन्हा चालवावे आणि प्रत्येक फेऱ्यानंतर पाच सेकंद थांबावे. येथे "-टी" वगळावे, कारण वेळेची जबाबदारी आता घड्याळावर आहे. प्रत्येक फेऱ्यात फाइलच्या नावात तारीख व वेळ घालावी; तसे न केल्यास त्या नावाची फाइल आधीच असल्यामुळे नव्या फेऱ्यात एफएफएमपेग मुद्रण न करताच बाहेर पडेल आणि पुढचा भाग सुटेल. स्क्रिप्टमधील एफएफएमपेगला "-नोस्टडिन" हा पर्यायही द्यावा, म्हणजे ते कळफलकाची वाट पाहत नाही.

कार्यक्रम तासाहून मोठा असेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्यासाठी फाइलच्या नावाआधी "-एफ सेगमेंट -सेगमेंट_टाइम ६०० -एसटीआरएफटाइम १" लिहावे आणि नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद यांसाठी टक्क्याच्या चिन्हासह अनुक्रमे मोठे वाय, लहान एम, लहान डी, मोठे एच, मोठे एम आणि मोठे एस ही अक्षरे द्यावीत. अशी नावे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, त्यामुळे नंतर "कॅट शेती-*.एएसी > पूर्ण.एएसी" एवढ्याने सर्व तुकडे जोडता येतात. एचएलएस स्ट्रीम पुन्हा जोडताना एफएफएमपेग यादीतील शेवटून तिसऱ्या तुकड्यापासून सुरुवात करते, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी काही सेकंद दोनदा ऐकू येऊ शकतात. तो दोष नंतर कापून काढता येतो. सुटून गेलेला भाग मात्र भरता येत नाही.

ठरलेल्या वेळी सुरू होणे

लिनक्सवर हे काम क्रॉन करतो. "क्रॉनटॅब -ई" उघडून त्यात एक ओळ लिहावी लागते: आधी मिनिट, मग तास, नंतर तारीख, महिना आणि वार, आणि शेवटी स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग. साडेसहाच्या कार्यक्रमासाठी मी "२८ १८ * * *" असे लिहितो, म्हणजे मुद्रण दोन मिनिटे आधी सुरू होऊन सात वाजून तीन मिनिटांपर्यंत चालते. शेवटी अधिक वेळ ठेवण्याचे कारण असे की इंटरनेटवरील आवाज ट्रान्झिस्टरवरील आवाजाच्या मागे असतो. एचएलएसमध्ये हे अंतर अर्ध्या मिनिटाचे किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

येथे तीन गोष्टी हमखास अडतात. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह म्हणजे ओळीचा शेवट असा अर्थ होतो, म्हणून तारखेची अक्षरे तेथे न लिहिता स्क्रिप्टमध्येच ठेवावीत. क्रॉनला आपल्या नेहमीच्या टर्मिनलइतके मार्ग माहीत नसतात, म्हणून एफएफएमपेगचाही पूर्ण मार्ग लिहावा. आणि मुद्रण घरच्या संगणकाऐवजी भाड्याच्या सर्व्हरवर होत असेल, तर त्याचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर असते, जी आपल्या ५ तास ३० मिनिटे मागे आहे. तेथे १८ वाजून २८ मिनिटांऐवजी १२ वाजून ५८ मिनिटे लिहावी लागतील. घरचा लॅपटॉप मात्र त्या वेळी जागा असला पाहिजे. झाकण मिटल्यावर तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग आधी करावी. त्याला आणि राउटरला छोटा यूपीएस जोडणे हा पावसाळ्यातील सर्वांत उपयोगी खर्च आहे.

मुद्रण झाले की नाही हे फाइलच्या आकारावरून लगेच समजते. ६४ किलोबिटच्या स्ट्रीमची पस्तीस मिनिटे सुमारे १६.८ मेगाबाइट होतात. स्क्रिप्टच्या शेवटी सर्व तुकड्यांच्या आकारांची बेरीज करून ती पंधराहून कमी असल्यास स्वतःला संदेश पाठवण्याची एक ओळ मी घातली आहे. आकार योग्य असून आतमध्ये शांतताच असण्याचा प्रकारही घडतो. त्यासाठी एफएफएमपेगचा "सायलेन्सडिटेक्ट" हा फिल्टर चालवून पाहावा.

पुढची-मागची जाहिरात काढण्यासाठी "-एसएस" नंतर सुरुवातीची आणि "-टू" नंतर शेवटची वेळ लिहून, पुन्हा "-सी कॉपी" लावूनच कापावे. एमपी३ची एक चौकट ४४.१ किलोहर्ट्झवर सुमारे २६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे पुन्हा न दाबताही काप पुरेसा नेमका बसतो.

कायद्याबाबत एवढे लक्षात ठेवावे: प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क प्रसारण करणाऱ्याकडे असतो, परंतु १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण त्या हक्काचा भंग मानत नाही. मुद्रण यूट्यूबवर चढवणे किंवा गटागटांत फिरवणे त्यात बसत नाही. आमच्याकडे कार्यक्रमाची फाइल मेमरी कार्डावरून काकांच्या फोनमध्ये जाते, आणि दुसऱ्या दिवशी मोटर सुरू करून बांधावर बसल्या बसल्या ते ती ऐकतात.