रात्री दगडातून कोण डोकावतंय?

लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री जीव वस्तीला असलेला दगड, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ठेवून तीन आठवडे झाले होते. एका रात्री सहज टॉर्च मारला, तर बोटभर लांबीचा, करडा-गुलाबी, दोन्ही अंगांना पांढरे केस असलेला किडा वाळूवरचा खाद्याचा तुकडा फटीत ओढून नेत होता. मी घाबरलो आणि दुसऱ्या दिवशी चिमट्याने त्याला काढून टाकलं. महिनाभरात तसे आणखी अकरा काढले. तो साधा ब्रिसल वर्म होता. उरलेलं खाद्य आणि मेलेले जीव खाऊन पाणी बिघडू न देणारा. आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो: ओळख पटेपर्यंत कोणालाही मारू नका.

त्याचाच भाऊबंद फायरवर्म मात्र प्रवाळ खातो. त्याच्या केसांच्या झुबक्यांच्या बुडाशी लालसर कल्ल्यांचे गुच्छ दिसतात. दोघांनाही उघड्या हाताने धरू नका. केस कातडीत रुतले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा.

ओळखायला बसलात की नावाच्या मागे लगेच लागू नका. मी एक वही ठेवली आहे. कुठे दिसला, दिवे बंद झाल्यावर किती वेळाने, केवढा, काय करत होता, एवढंच तिच्यात लिहितो. मग शरीर बघतो. अंगावर वळ्या आहेत का? पाय किती? शंख आहे का? दगडाला चिकटलेला आहे की फिरता? जवळ काही नेलं तर अंग आत ओढून घेतो की पळतो? या उत्तरांतूनच निम्मं काम होतं. मला एकदा काळपट गोगलगाय बिनशंखाची वाटली होती. नीट पाहिलं तर पाठीवर कानाच्या पाळीसारखा छोटा शंख होता. ती स्टोमॅटेला, काचेवरचं शेवाळ खाणारी आणि अगदी निरुपद्रवी. संकट आलं की ती पालीसारखा शरीराचा मागचा तुकडा टाकून पळते.

खेकड्यांच्या बाबतीत नांग्यांची टोकं बघा. हिरव्या एमराल्ड क्रॅबची टोकं चमच्यासारखी बोथट असतात, शेवाळ खरवडायला. अंग केसाळ आणि नांग्या काळ्या टोकांच्या, अणकुचीदार असतील तर तो खेकडा वेगळा ठेवलेला बरा. चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसल्या आणि तोंडापाशी पंख्यासारखे झुबके पाण्यात हलत असले, तर तो पोर्सेलिन क्रॅब. तो पाण्यातले कण गाळून खातो, त्याला राहू द्या.

निरीक्षणासाठी दिवे गेल्यावर तास-दोन तास थांबा आणि टॉर्चवर लाल कागद लावा. पांढऱ्या उजेडात सगळे लपतात, लाल उजेड बहुतेकांना फारसा जाणवत नाही. माझ्या टँकमध्ये रात्री टक्-टक् आवाज यायचा. आवाज म्हणजे मॅन्टिस श्रिम्प, गोगलगायींचे शंख फोडून खाणारा शिकारी, असं वाचल्यामुळे मी तो दगडच बाहेर काढायला निघालो होतो. पण गोगलगायी मोजल्या तर सगळ्या शाबूत, एकही शंख फुटलेला नाही. म्हणून थांबलो आणि नऊ रात्री खुर्ची टाकून बसलो. नवव्या रात्री बिळातून दोन लांब मिशा आल्या, मागोमाग एक नांगी, दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. पिस्टल श्रिम्प! ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, टक् आवाज त्याचाच. मॅन्टिसचे डोळे देठांवर असतात, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि पुढचे हात प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले असतात. माझा श्रिम्प अजून त्याच बिळात आहे.

काहींना मात्र ओळख पटताच आवरावं लागतं. तपकिरी, अर्धपारदर्शक, ताडाच्या झाडासारखं दिसणारं आणि जवळ गेलं की झटकन अंग आत ओढून घेणारं छोटं समुद्रफूल म्हणजे एप्टेशिया. मी ते ब्लेडने खरवडलं. पंधरवड्यात एकाच्या जागी सात उगवले, कारण दगडावर राहिलेल्या कणाएवढ्या तुकड्यातूनही ते नव्याने वाढतं. पेपरमिंट श्रिम्प किंवा फक्त एप्टेशियाच खाणारी बर्घिया ही समुद्री गोगलगाय आणणं हा खरा उपाय. खाद्य टाकल्यावर दगडाला चिकटलेल्या कडक नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सुटताना दिसले तर ती व्हर्मेटिड गोगलगाय. धाग्यांमुळे शेजारचे प्रवाळ मिटून बसतात. नळीचं तोंड सुपरग्लू जेलने बंद केलं की काम होतं. याउलट तांदळाच्या दाण्याहूनही लहान, चपट्या वेटोळ्यांच्या पांढऱ्या नळ्या स्पायरॉर्बिड किड्यांच्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि कितीही वैताग आला तरी किडे मारायला दगड उकळू नका. त्यावर झोआंथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांचे मऊ, बटणांसारखे दिसणारे भाऊबंद) असेल तर त्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष उष्णतेने नष्ट होत नाही, ते वाफेबरोबर फुफ्फुसात जातं. अशा घटनांत घरच्या घरं रुग्णालयात पोहोचली आहेत. दगड घासताना हातमोजे आणि चष्मा घाला, शक्यतो उघड्यावर बसा. मुलं-पाळीव प्राणी दूर असू देत, आणि नंतर ताप, खोकला किंवा श्वासाचा त्रास जाणवला तर डॉक्टरांना टँकबद्दल स्वतःहून सांगा.