रविवारी माशांचे फोटो, तयारी शनिवारपासून

रविवारी रात्री फोटो काढायचे असतील तर पाणी शनिवारीच बदला. पाव टाकी, अँटिक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घालून. त्याच दिवशी बदललं की काचेला आणि पानांना बारीक बुडबुडे चिकटतात. माझा असला एक फोटो बघून मित्रानं विचारलं होतं, "व्हाइट स्पॉट झालाय काय रे?" (म्हणजे माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग.)

खरी मेहनत काचेची. आतलं शेवाळ जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं. त्याचा गाळ खाली बसायला रात्र जाते, म्हणून हेही शनिवारीच. आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी, त्यामुळं बाहेरून पांढरे ओघळ ठरलेले. व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या कापडानं ते निघतात. काच पुसायचा फवारा मात्र टाकीजवळ आणूच नका, त्यात अमोनिया असू शकतो आणि तो माशांना विष. शेवटी मोबाइलची टॉर्च काचेवर तिरकी मारा. आमच्यात खालच्या अर्ध्या काचेवर पुतण्याची दहाही बोटं उमटलेली दिसतात.

लेन्सही पुसा. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी आमच्या याच कोल्हापुरात 1918 च्या सुमारास स्वतः कॅमेरा घडवला. आपल्याला निदान पुसता तरी यायला पाहिजे.

रविवारी सकाळपासून खाणं बंद. उपाशी मासे आपणच पुढं येतात, शिवाय मागं शेपटासारखी विष्ठा लोंबत नाही. टाकीमागं काळा कार्डशीट चिकटवा.

जेवणं उरकली की टीव्ही आणि खोलीतले दिवे बंद, फक्त टाकीवरचा चालू. अंगात काळा, कोरा टी-शर्ट. माझ्या एका फोटोत एंजलच्या पोटावर उलट्या अक्षरांत 'नाद खुळा' आलंय.

कॅमेरा काचेला जवळजवळ टेकवून सरळ समोर धरा, तिरका धरला की मासा फिस्कटतो. शटर 1/200 सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) 1600 पर्यंत चालतं. फोटोत एलईडी दिव्याचे पट्टे दिसले तर 1/100 वर या, पण मग संथ मासेच घ्या. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नको. सुटा असला तर टाकीवरून खाली मारा. फोकस डोळ्यावर. फायटर माशाला मिनिटभर आरसा दाखवला की तो सगळे पर फुलवतो. जास्त वेळ छळू नका. गप्पी एका जागी थांबतील ही आशा सोडा.

पाणी स्थिर हवं म्हणून फिल्टर आणि एअर पंप बंद करणार असाल तर दहाच मिनिटं, तीही मोबाइलवर गजर लावून. मी एकदा फोटो बघत बघत तसाच झोपलो. पहाटे साडेतीनला जाग आली, तर दोन्ही गोल्डफिश हवेसाठी पृष्ठभागाला तोंड लावून मचमच करत होते.