हेडर लावलेल्या अँबॅसडरचं इग्निशन टायमिंग कसं सेट करायचं

अँबॅसडरच्या जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनला, म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजला, हेडर (जळका गॅस बाहेर नेणारा वेगवेगळ्या पाइपांचा एक्झॉस्ट) बसवला की कोणीतरी शहाणा सांगतोच की आता टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दोन-चार डिग्री पुढे घे, गाडी उडेल. डोळे झाकून असलं काही करू नका. हेडरमुळे जळका गॅस सिलिंडरमधून जास्त साफ निघून जातो, त्याच्या जागी हवा-पेट्रोलचं ताजं मिक्श्चर येतं आणि ते उलट जरा लवकर जळतं, म्हणजे ॲडव्हान्स (ठिणगी किती डिग्री लवकर पडते ते) वाढवावाच लागेल असं काही नाही, कधीकधी कमीच लागतो. मग पुढे घेतल्यावर गाडी बरी का वाटते? तर बहुतेक वेळा मिक्श्चर पातळ झालेलं असतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पातळ मिक्श्चर हळू जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडलेली त्याला मानवते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यात आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल, ते मिक्श्चर अजून पातळ करतं.

म्हणून आधी हवेची लीक शोधा. या हेडला एक्झॉस्टचे पोर्ट तीनच, 2 आणि 3 नंबरचा सिलिंडर मधला पोर्ट वाटून घेतात, आणि इनटेक मॅनिफोल्डही (मिक्श्चर आत नेणारा पाइप) त्याच बाजूला, तेच स्टड आणि तेच जाड वॉशर दोघांना मिळून दाबतात. स्थानिक फॅब्रिकेटरने हेडरचा फ्लँज (जोडाची पट्टी) इनटेकच्या फ्लँजपेक्षा जाड किंवा पातळ केला असेल तर वॉशर तिरका बसतो, एक बाजू घट्ट आणि दुसरी गळकी. ही भानगड फार कॉमन आहे आणि लोक महिनोन्महिने टायमिंगशी खेळत बसतात. इंजिन थंड असताना सुरू करून इनटेकच्या जॉइंटवर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा (हेडर तापलेला असताना अजिबात नको, आग लागेल), आरपीएम हलला तर तिथून हवा आत जातेय. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत असेल तर एक्झॉस्टचा जॉइंट बघा, ते बऱ्याचदा टायमिंगचं दुखणं नसतंच.

टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे, प्लग साफ, आणि मग डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट, ते उघडले की ठिणगी पडते. पॉइंटचा गॅप साधारण 0.40 मिमी, फीलर गेजनेच, डोळ्याच्या अंदाजाने नाही. हे टायमिंगच्या आधीच करायचं, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

आता क्रँकच्या पुलीवर खूण. टायमिंग कव्हरवरचे पॉइंटर मळाने दिसत नाहीत, ते घासून काढा, सगळ्यात लांब पॉइंटर म्हणजे टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर). पुलीवरच्या खाचेला पांढरा रंग लावा. मग पुलीच्या परिघाला दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि तिला 12 ने भागा, तेवढं अंतर म्हणजे 30 डिग्री. समोरून बघताना खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ते अंतर मोजून दुसरी खूण करा, ती टीडीसीच्या पॉइंटरसमोर दिसली की 30 डिग्री ॲडव्हान्स. ही खूण नसेल तर हेडरवाल्या गाडीत स्ट्रोबचा (टायमिंग बघायच्या लुकलुकत्या दिव्याचा) अर्धा उपयोग वाया, कारण आयडलचा आकडा बरोबर असूनही वर गेल्यावर काय होतंय ते कळणारच नाही.

गाडी सुरू होण्यापुरतं टायमिंग बल्बने लावता येतं. 1 नंबरचा पिस्टन, म्हणजे रेडिएटरकडचा, कॉम्प्रेशनवर आणून पुली मॅन्युअलमधल्या स्टॅटिक (इंजिन बंद असतानाच्या) डिग्रीवर ठेवा, 12 व्होल्टचा बल्ब डेल्कोच्या लो-टेन्शन टर्मिनल आणि अर्थच्या मध्ये जोडा, इग्निशन ऑन, आणि डेल्को फिरवत जा, बल्ब पेटायला लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले. रोटर वरून बघताना उलटा फिरतो, म्हणून डेल्कोची बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की ॲडव्हान्स. शेवटची बारीक दुरुस्ती लुकास डेल्कोवर व्हर्नियरचा छोटा नट असेल तर त्याने करा, त्यावर ए (ॲडव्हान्स) आणि आर (रिटार्ड, म्हणजे मागे) लिहिलेलं असतं.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर डेल्कोला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, स्ट्रोबचा क्लॅम्प 1 नंबरच्या वायरला लावा, बाह्या आणि वायरी फॅनपासून लांब. आयडल बघा आणि मग आरपीएम हळूहळू 3000-3500 पर्यंत न्या. खूण सरकत सरकत एका जागी थांबली पाहिजे. उड्या मारत असेल तर डेल्कोचा शाफ्ट ढिला किंवा आतल्या वजनांच्या स्प्रिंग थकल्यात, मग कितीही सेट करा, टिकणार नाही. माझ्या मते या इंजिनला वरच्या आरपीएमला एकूण 30 ते 32 डिग्री पुरे, आणि मी सुरुवात 28 पासून करायला सांगेन. आयडलचा आकडा मॅन्युअलपेक्षा थोडा वेगळा आला तरी चालेल, वरचा महत्त्वाचा.

मग व्हॅक्यूम परत जोडून कार्ब्युरेटर. एसयू बनावटीचा असेल तर आयडलला त्याच्या आतला पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला, इंजिन बंद पडायला लागलं तर पातळ, आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), किंचित वाढून परत बसला तर बरोबर. जेटचा नट खाली नेला की रिच होतं. वरच्या आरपीएमला तरीही पातळ राहिलं तर कार्ब्युरेटरची निडल बदलावी लागते, त्याला टायमिंगचा पर्याय नाही. हे झालं की टायमिंग पुन्हा एकदा तपासा.

शेवटी चढ. खंबाटकी घाट असो नाहीतर गावाबाहेरचा छोटा चढ, टॉप गिअरमध्ये 40 च्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. कटकट (नॉकिंग, मिक्श्चर आपोआप भडकण्याचा आवाज) ऐकू आली तर 2 डिग्री मागे. अडचण ही की हेडरच्या आवाजात कटकट दबून जाते, म्हणून काच खाली करून कठड्याच्या किंवा भिंतीच्या कडेने चालवा, आवाज परत येतो. आणि प्लग काढून पोर्सिलेन बघा, त्यावर बारीक काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले तर तुम्हाला न ऐकू आलेलं नॉकिंग चालूच आहे, मुकाट मागे घ्या. उलट टायमिंग फार मागे गेलं तर मिक्श्चर उशिरा जळत हेडरमध्ये उष्णता ओततं, पाइप लाल होतो आणि शेजारच्या कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं, तिथे पत्र्याची हीट शील्ड लावलीच पाहिजे.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर हेडरचे नट थंड इंजिनवर परत आवळा. नवे पॉइंट टाकले असतील तर गॅपही तेव्हाच बघा, त्यांची कॅमवर टेकणारी टाच घासली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे जातं, डेल्कोच्या कॅमला चिमूटभर ग्रीस लावलं तर ते जरा हळू होतं.