जानेवारीत गळणारं छप्पर

जानेवारीत आमच्या माजघरात पहाटे टपटप सुरू झाली. पाऊस जाऊन तीन महिने झालेले. दापोली तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आमचं घर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं गेली, तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि दिवाळीनंतर सरळ पत्रा घालून घेतला. खाली पांढरंशुभ्र पीव्हीसी सीलिंग. घर लख्ख दिसायला लागलं. दुसऱ्याच हिवाळ्यात सीलिंगच्या सांध्यांतून पिवळे ओघळ.

पत्रेवाला दोनदा आला, स्क्रूंवर सिलिकॉन मारून गेला. टपटप चालूच. शेवटी एका पहाटे मीच शिडी लावली, सीलिंगची एक पट्टी सरकवून डोकं आत घातलं आणि बॅटरी मारली. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून जसे थेंब लगडलेले असतात, तसा अख्खा पत्रा. हात फिरवला तर पाणी कोपरापर्यंत आलं. गळत काहीच नव्हतं. पत्र्याला आतून घाम सुटला होता.

थंडीत उघड्या आभाळाखाली पत्रा रात्री भराभर गार पडतो, कधीकधी आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त. घरातली दमट हवा वर चढून त्याला टेकली की तिचं पाणी होतं. आणि दमट हवा आमच्याकडे भरपूर होती, कारण स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप घराबाहेर काढलेलाच नव्हता. तो सीलिंगच्या वर नेऊन तसाच सोडून दिला होता! रोजच्या भाताची, डाळीची वाफ थेट माळ्यावर.

कौलं असताना हे कधी झालं नाही. मंगलोरी कौलांच्या सांध्यासांध्यांतून वारा खेळतो. चुलीचा धूरसुद्धा तिथूनच जायचा, वेगळं धुराडं कुणी बांधलं नव्हतं. पत्रा घातला की त्या शेकडो फटी एका दिवसात बंद होतात. त्यावर आमच्या पत्रेवाल्याने पाली-मधमाश्या नकोत म्हणून वळचणीला आणि आढ्याला पन्हळीपन्हळीत फोमचे बोळे ठासले होते. त्या वेळी मला ते काम फार नीटनेटकं वाटलं होतं. उन्हाळ्यातही तीच गत: मे महिन्यात दुपारी दोनला ओटीवर ३४ अंश, तर माळ्यावर ठेवलेला थर्मामीटर ४९ दाखवत होता. सासूबाईंनी वर ठेवलेली फणसपोळी त्या वर्षी आधी कडक झाली आणि पावसाळ्यात बुरसली.

आता काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी वाफेची वाट बंद करा. एक्झॉस्टचा पाइप भिंतीतून बाहेर काढा. बाथरूमची वाफही माळ्यावर जात नाही ना, तेही बघा. हे न करता वर कितीही भोकं पाडलीत तरी अर्धंच काम होईल.

मग हवेला दोन वाटा द्या, एक खाली आणि एक वर. खाली वळचणीला हवा आत येणार, तापून वर चढणार आणि आढ्यातून बाहेर पडणार. नुसती वरची वाट केली तर हवा सीलिंगच्या फटींतून घरातलीच ओढली जाते, म्हणजे पुन्हा स्वयंपाकघराची वाफ वर. छपरावर गरगर फिरणारे टर्बो बसवून लोक निर्धास्त होतात, पण वळचण बंद असेल तर ते दाखवण्यापुरतेच. कारखान्याच्या शेडवर ठीक आहेत. घराला, त्यातून खाऱ्या वाऱ्यात, फिरणारी वस्तू वर कशाला चढवायची?

भोकं किती, याचा ठोकताळा असा: सीलिंगच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जागा, निम्मी खाली, निम्मी वर. आमचं सीलिंग ३० बाय २०, म्हणजे ६०० चौरस फूट. त्याला ४ चौरस फूट. २ खाली, २ वर. दोन्ही वळचणींना तीस-तीस फूट लांब आणि एक इंच रुंद फट ठेवली की ५ चौरस फूट होतात. जाळीने त्यातली निम्मी अडली असं धरलं तरी अडीच उरतात. आढ्यालाही तसंच, दोन्ही पाखांचे पत्रे एकेक इंच आखूड. एकाच बाजूला मोठं भोक मात्र पाडू नका. वादळात वारा तिथून आत शिरला की पत्रा खालून उचलतो.

जाळी पाव इंची, स्टेनलेस स्टीलची. किनाऱ्यावर साधी जाळी गंजून झडते आणि मग वटवाघळं बिऱ्हाड करतात. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, धूळ आणि कोळिष्टकांनी ती भरून जाते.

आढ्याचं काम जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकले. फोम काढला, जाळी लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याने पाणी पन्हळीतून वर चढवून आत टाकलं. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुताराने उपाय केला तो अगदी साधा: आढ्याची टोपी उचलली आणि प्रत्येक पन्हळीचं वरचं टोक पकडीने इंचभर वर वळवलं, छोट्या बांधासारखं. मग आधीच्या सहा इंचांऐवजी दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच खाली येणारी रुंद टोपी बसवली. तेव्हापासून पाणी आलेलं नाही. पत्रा नवीन घालत असाल तर हे आधीच करून घ्या, नंतर दुप्पट मजुरी पडते.

पत्र्याखाली चंदेरी बबल शीट लावायची असेल तर लावा, उन्हाळ्यात फरक जाणवतो. फक्त ती वळचणीपर्यंत ठासू नका, दोन इंच मोकळे सोडा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना स्वतः हात लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते पायाखाली फुटतातही.

काम झालं की वारा पडलेल्या दुपारी वळचणीच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर वाट चालू आहे. तरंगत जागेवरच राहिला तर वर कुठेतरी बोळा राहिलाय.

आमच्याकडे मे महिन्यात माळा आता ४० च्या आसपास असतो. या जानेवारीतही मी पहाटे बॅटरी घेऊन वर चढले. पत्रा कोरडा होता, फक्त बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात हातभर जागेत थेंब दिसले. तिथे गीझरच्या पाइपासाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलेलंच नाही. सासूबाई खालून विचारत होत्या, "अगो, आता तरी माळ्यावर फणसपोळी ठेवू ना?" त्या कोपऱ्यात नको म्हटलं.